बयो, आधी रक्त तपासून घे

बयो, तुझ्या दिराला कावीळ झाली आणि सासूबाई घरातल्या सगळ्यांनाच, तुलासुद्धा, भुईआवळ्याचा रस पाजणार आहेत, हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. त्यांच्यावर चिडू नकोस गं. आपल्या आजीनेही तेच केलं असतं. पण तुला सातवा महिना आहे, म्हणून जरा नीट ऐक.

कावीळ हा आजार नव्हे, ती खूण आहे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, एवढ्यावरून यकृताला नेमकं काय झालंय ते कळत नाही. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात. बी आणि सी येतात रक्तातून. त्यातला बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. पिवळेपणा सगळ्यांचा सारखाच. कोणता विषाणू आहे, ते रक्तच सांगतं.

मग गावोगावच्या काविळीच्या औषधाला गुण कसा येतो? ए आणि ईची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. मोठेपणी लागण झालेला बीसुद्धा बहुतेकदा शरीर स्वतःच हुसकावून लावतं. तेवढ्यात गळ्यात काविळीची, झाडाच्या देठांची माळ घातली असेल तर श्रेय माळेला. ती माळ लांबते ना, ती देठ वाळून गाठी सैल पडतात म्हणून. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळं पाणी निघतं, ते हाताला आधी चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. माझ्या-तुझ्या हातांवरूनही निघेल. या सगळ्यात पैसे गेले तर गेले, पण तपासणीचे दिवस हातचे जातात, आणि गरोदर बाईला ते परवडत नाही. का, ते ऐक.

1955-56 साली दिल्लीत सांडपाणी यमुनेतून पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि एकोणतीस हजारांवर लोकांना कावीळ झाली. पंचवीस वर्षं सगळे समजत होते की तो ए होता. 1980 मध्ये त्या साथीतलं जपून ठेवलेलं रक्त तपासलं, तेव्हा तो ए नव्हताच असं निघालं. काश्मीरमध्ये 1978 च्या साथीत डॉ. खुरू यांनाही हा वेगळा आजार दिसला, आणि त्यात गरोदर बायका जास्त दगावत होत्या. तोच पुढे ई ठरला. शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका गेल्याच्या नोंदी आहेत. तुला घाबरवायचं नाहीये, पण दिराला कोणती कावीळ आहे हे कळेपर्यंत तुम्ही सगळेच पाणी उकळून प्या.

आता तो भुईआवळा. त्याला हसायचं कारण नाही, कारण हिपॅटायटिस बीचा विषाणू ज्यांच्यामुळे सापडला त्या बारूक ब्लुमबर्ग यांनीच भुईआवळा तपासला होता. एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना जे प्रथिन दिसलं, त्याची माहिती 1965 मध्ये छापून आली. आजची बीची एचबीएसएजी तपासणी त्यावरच उभी आहे. 1976 चं नोबेलही त्यांना मिळालं. पुढे 1988 मध्ये मद्रासचे त्यागराजन आणि ब्लुमबर्ग यांनी बीच्या वाहकांना महिनाभर भुईआवळ्याची पूड दिली. 37 जणांपैकी 22 जणांच्या रक्तातून ते प्रथिन नाहीसं झालं. केवढी आशा वाटली असेल! पण थायलंडमध्ये तोच प्रयोग केला तर तसं काही हाती लागलं नाही, आणि नंतरच्या अभ्यासांतही खात्रीचा पुरावा मिळाला नाही. शिवाय गरोदरपणात तो निर्धोक आहे असं कुणी दाखवलेलं नाही. म्हणून तू तो घेऊ नकोस.

पानंच हवीत ना? मग माठ, अंबाडी, चाकवत खा. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का संरक्षा' नावाचा माठ तयार केलाय. त्याच्या पानांतलं ऑक्झलेट आणि नायट्रेट मोजून, ते कमी असलेला वाण त्यांनी निवडला. अशी माणसं मला फार आवडतात. गुण सांगण्याआधी मोजतात. पावसाळ्यात मात्र पालेभाजी चांगल्या पाण्यात धू आणि शिजवूनच खा. लोहाच्या गोळ्या चालूच ठेव. हळद-तेल बंद करायला सांगतील, पण तसं बंद करायची गरज दिरालाही नाही. त्याने पोटाला सोसेल ते नेहमीचं जेवावं, दारूला मात्र शिवू नये.

तुझ्या माता-बाल संरक्षण कार्डावर एचबीएसएजीचा निकाल लिहिलाय का, ते आज बघ. नसेल तर येत्या तपासणीला नाव घेऊनच विचार, नुसतं 'कावीळ तपासा' म्हणू नकोस. 2018 पासूनच्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. निकाल पॉझिटिव्ह आला तरी रडत बसायचं नाही. विषाणूचं प्रमाण जास्त असेल तर शेवटच्या महिन्यांत गोळ्या देतात, बाळाला जन्मल्यावर इम्युनोग्लोब्युलिन मिळतं, अंगावरही पाजता येतं. निगेटिव्ह आला तरी बाळाला पहिल्या चोवीस तासांत हिपॅटायटिस बीची लस हवीच. जन्मतःच लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांत हा आजार कायमचा मुक्काम करतो. तुला कळा येत असतील, तुझ्या ध्यानात राहणार नाही, म्हणून सिस्टरना लसीची आठवण करायचं काम जावईबापूंवर सोपव.