बाळाला घरी शिकवताना

एरंडोल

चि. ताई,

बाळाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं तुम्ही मनावर घेतलंय, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. मला हुरूप आला. तेवढ्याच काळजीने एक विचारतो: रोज त्याच्याजवळ बसणार कोण?

पंडिता रमाबाईंचं बघ. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांना ते रुचलं नाही, तेव्हा त्यांनी गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. वडील थकल्यावर लेकीला शिकवलं ते लक्ष्मीबाईंनी. दिवसभर घरचा रगाडा, म्हणून पोरीला पहाटे उठवायच्या आणि तोंडी पाठ द्यायच्या. त्या स्वतः लग्नानंतर शिकलेल्या. याच लेकीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. यूट्यूब लावून दिल्याने हे होत नाही, ताई. आधी आपण शिकावं लागतं, मग पोराबरोबर पुन्हा शिकावं लागतं.

सावित्रीबाई फुल्यांना त्यांच्या नवऱ्याने, जोतीरावांनी, घरीच शिकवलं. रमाबाई रानड्यांना त्यांच्या नवऱ्याने, न्यायमूर्ती रानड्यांनी, शिकवलं, तेही घरातल्या बायकांची बोलणी सोसून. बायकांना शाळेचं दार बंद होतं, म्हणून घराची शाळा झाली. आणि घरी शिकलेल्या या बायकांनी पुढे काय केलं? सावित्रीबाई १८४८ साली भिडेवाड्यात शिकवू लागल्या, पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. म्हणजे घरी शिकलेल्यांनीही पुढे चार मुली एकत्र आणल्याच; शिकायला सोबत लागते. बाळालाही संध्याकाळी मैदानावर सोड. भांडू दे, हरू दे.

घरी शिकण्यात मुलाच्या चालीने जाता येतं, हा मोठा लाभ. भागाकार अडला तर महिनाभर तिथेच थांबा, कुणी पुढे ओढणार नाही. पण कायद्याचंही बघा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शाळाच धरलेली आहे, घरी शिकण्याची वेगळी तरतूद नाही. पुढे दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) देता येते, त्याला चौदा वर्षं पूर्ण लागतात. जन्मदाखला, आधार नीट ठेवा.

दिवाळीत बाळाला इकडे पाठव. तेव्हा कापसाची वेचणी चालू असेल. मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी काट्यावर प्रत्येकीचं गाठोडं तोलून वहीत मांडायचं आणि पैसे काढायचे, हे काम मी त्याच्याकडे देणार आहे. हिशोब चुकला तर बाया तिथल्या तिथे सांगतील. एक चौकटीची वही तेवढी बरोबर दे.

तुझा,
मामा