फोटोतल्याचा मान आणि फोटोग्राफरचं पोट

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका पाण्यासाठी तास नदीच्या खोल पात्रावर टाकलेल्या लाकडी ओंडक्यावरून जीव मुठीत धरून ये-जा करत. ते फोटो गाजले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल झाला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. सामाजिक छायाचित्रणाच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांनी दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फोटोमुळे शासन हलतं, आणि पूल वाहून गेल्यावरही फोटोग्राफरला पुन्हा त्या पाड्यावर जावं लागतं.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमधले रक्ताळलेले पाय देशाने पाहिले. पण नुसते पाय दाखवले तर माणूस बाहेरच राहतो. सुमारे १८० किलोमीटर चालणारी ती बाई वनजमिनीचा हक्क मागत होती, हे फोटोत नाही तर निदान फोटोओळीत तरी यायलाच हवं. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं, घाणीतल्या कामाबरोबर त्यांचं जगणंही टिपलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथे शिकायचं ते कॅमेऱ्यापलीकडचं आहे. आधी बसून बोला, फोटो कुठे छापणार ते सांगा, ‘नको’ म्हटलं तर कॅमेरा खाली ठेवा. अत्याचारग्रस्त मुलांची ओळख उघड करणं पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. सुरगाणा-पेठची कोकणा बोली समजणाऱ्या मुलाकडे महागड्या लेन्सपेक्षा मोठं भांडवल आहे.

शिक्षणासाठी मुंबईचं जे. जे., पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा गांधीनगरची एनआयडी पाहा. समाजशास्त्राची पदवीही तितकीच उपयोगी पडते.

पालकांची काळजी रास्त आहे. सुरुवातीची वर्षं मिळकत अनियमितच असते. संस्थांचे अहवाल, सीएसआर प्रकल्पांचं चित्रण आणि लग्नाच्या ऑर्डरी यांवर घर चालतं. लग्नाच्या ऑर्डरीत कमीपणा काहीच नाही, त्याच पैशांतून मनासारख्या कामाचा प्रवासखर्च निघतो. मात्र कर्ज काढून कॅमेरा घेऊन देऊ नका. जुना कॅमेरा आणि एक लेन्स पुरे. मुलाला वर्षभर एकच विषय करू द्या, लासलगावात कांदा निवडणाऱ्या बायकांचा किंवा निफाडच्या द्राक्षमजुरांचा. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘परी’ हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ मराठीतही आहे आणि विद्यार्थ्यांचं कामही प्रसिद्ध करतं. वर्षाअखेरीला ते काम तिथे पाठवायला सांगा; त्याआधी प्रिंट त्या मजुरांच्या हाती पडायला हवेत.