तीव्र उताराने विमान उतरविण्याच्या मर्यादा

प्रवासी विमान धावपट्टीकडे येते ते साधारणतः तीन अंशांच्या उताराने. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सुमारे सव्वापाच मीटर खाली. लंडनच्या सिटी विमानतळावर मात्र भोवतालच्या उंच इमारती व वस्तीला होणारा आवाजाचा त्रास यांमुळे हा उतार साडेपाच अंशांचा आहे. १९८७ मध्ये विमानतळ सुरू झाला तेव्हा तर तो साडेसात अंश होता.

उतार वाढला की विमानाचे वजनच त्यास पुढे ओढू लागते. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून विमानास दिलेला निमुळता आकार येथे अडचणीचा ठरतो. एंजिने मंदावूनही वेग आवरत नाही. एअरबस ए-३१८ या विमानात त्यासाठी पंखांवरील रोधक फळ्या उचलल्या जातात.

खरी कसोटी शेवटच्या काही सेकंदांची. ताशी २६० किलोमीटर वेगाने साडेपाच अंशांवर येणारे विमान सेकंदाला सुमारे सात मीटर खाली येते. चाकांची रचना मात्र सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाचाच आघात गृहीत धरून केलेली असते. मधला फरक वैमानिकाने ऐनवेळी नाक उचलून भरून काढावयाचा. घाई झाल्यास अवघ्या १५०८ मीटरांची धावपट्टी अपुरी पडण्याचा धोका, विलंब झाल्यास चाकांवर घाला. म्हणूनच अशा उतारासाठी विमानास स्वतंत्र मान्यता लागते, आणि चाचणीत ते ठरलेल्या उतारापेक्षा दोन अंश अधिक तीव्र उतारानेही सुखरूप उतरवून दाखवावे लागते.