केकच्या डब्यावरचं नाव

नागपूर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सोनू,



परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, घरच्याच ओट्यावर करते, ओळखीच्यांनाच देते, त्याला कसलं लायसन्स?" तुझा बीटर चालू होता, तू घाईत होतीस, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण नाताळ आणि एकतीस डिसेंबरच्या ऑर्डरी तू आत्तापासूनच घेऊन राहिलीस, असं दादा सांगत होता. म्हणून सविस्तर लिहिते. नीट बसून वाच.

आधी माझीच गोष्ट. तू लहान होतीस तेव्हा मी दिवाळीचा फराळ करून विकायची, आठवत असेल. एका वर्षी खोबरं फार महाग झालं. करंजीच्या सारणात मी थोडा शेंगदाण्याचा कूट मिसळला. चवीला छान झालं, कुणाला सांगावं असं वाटलंही नाही. आमच्याच गल्लीतल्या एका घरी ती करंजी पाच वर्षांच्या मुलानं खाल्ली. त्याला शेंगदाणा चालत नव्हता. ओठ सुजले, श्वास लागला, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. पोर वाचलं. डॉक्टरांनी आईला विचारलं, सारणात काय होतं? तिनं मला फोन केला, आणि मला आठवून आठवून सांगावं लागलं, कारण लिहिलेलं काहीच नव्हतं. ना डब्यावर, ना वहीत. ती आई मला एक शब्द रागावली नाही. पण त्यानंतर तिनं माझ्याकडून काही घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. ओळखीच्या माणसालाच आपण काही विचारत नाही, डोळे मिटून खातो. म्हणून ओळखीच्यांना देताना जबाबदारी जास्त असते.

आता कायद्याचं. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे, आणि त्याचे नोंदणी-परवान्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहेत. त्यात अन्नव्यवसायाची व्याख्या इतकी रुंद आहे की नफा होवो न होवो, खाण्याची वस्तू करून देण्याचा उद्योग त्यात येतोच. घरचा ओटा म्हणून सूट नाही. पण छोट्या माणसाला कायद्यानं सोपं केलं आहे. वर्षाची विक्री १२ लाखांच्या आत असेल, तर परवाना लागत नाही, फक्त नोंदणी लागते. लक्षात ठेव, विक्री मोजायची, नफा नाही. ७०० रुपये किलोनं तू केक देतेस. रोज सरासरी पाच किलोच्या आसपास गेला, की महिन्याची विक्री लाखावर जाते. तिथवर तू पोचलीस तर मला आनंदच आहे. तेव्हा परवाना काढू.

नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. एक ते पाच वर्षांची एकदम भरता येते, म्हणजे पाच वर्षांचे ५००. 'फॉसकॉस' नावाच्या सरकारी पोर्टलवर 'फॉर्म ए' भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचं. घर दादाच्या नावावर आहे, म्हणून लाइट बिल आणि दादाचं साधं संमतीपत्र जवळ असू दे, मागितलं तर देता येईल. "ताई, आम्ही काढून देतो" म्हणणारे एजंट आणि सरकारी वाटाव्यात अशा वेबसाइटी खूप आहेत. त्यांच्या नादी लागू नकोस. अर्ज आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे जातो. सात दिवसांत त्यांनी नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची, किंवा पाहणीला येतो म्हणून कळवायचं. पाहणी ठरली तर तीस दिवसांत निकाल द्यायचा. सध्या सगळ्या कचेऱ्या निवडणुकीच्या कामात आहेत, म्हणून दिवस हातात ठेवून चल. या महिन्याच्या २४ तारखेला अर्ज गेला आणि पाहणी निघाली, तर तीस दिवस नाताळाच्या आदल्या दिवशी संपतात. तोवर नव्या ऑर्डरी घेऊ नकोस. घेतलेल्यांना खरं कारण सांग. कुणी तोडून बोलणार नाही.

चौदा आकडी नंबर मिळेल. पहिला आकडा २ असला की नोंदणी, १ असला की परवाना. पुढचे १५ म्हणजे महाराष्ट्र. हा नंबर डब्यावर आणि बिलावर छापायचा. या वर्षी मार्चमध्ये पंजाबात, पतियाळात, ऑनलाइन मागवलेला वाढदिवसाचा केक खाल्ल्यावर एका लहान मुलीचा जीव गेल्याची बातमी होती. घरच्यांनी शोध घेतला तर बिलावरच्या पत्त्यावर ती बेकरीच नव्हती. त्या बातमीतली ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. विपरीत घडलं तर विचारायला जायला दारच नाही. सोनू, तो नंबर म्हणजे तुझं दार आहे. वर्ध्यात बोरगाव मेघेतल्या अमुक गल्लीत अमुक घरी हा केक झाला, आणि करणारी मी आहे, एवढं त्यातून कळतं.

आता अंड्याबद्दल, इथे जरा थांब. तुझ्या निम्म्या ऑर्डरी एगलेसच्या असतात. कायद्यात अंडं मांसाहारात धरलं आहे. म्हणजे अंड्याच्या केकला हिरवा ठिपका लावता येत नाही. चौकटीत तपकिरी त्रिकोण लावायचा. आधी तोही गोलच असायचा, पण ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांना आकारावरून कळावं म्हणून त्रिकोण केला. चिन्ह लावणं सोपं आहे. खरं काम भांड्यांचं आहे. तू एकच बीटर, एकच स्पॅच्युला, एकच टिन दोन्हीला वापरतेस, मी पाहिलं आहे. धुतेस, मान्य. पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं शिवलेलं नाही, तिथल्या आजीनं तुझ्यावर विश्वास ठेवून तो घास तोंडात घातलेला असतो. माझं ऐकशील तर पहिलं वर्ष फक्त एगलेसच कर. दोन्ही करायचेच असतील तर बीटर, टिन, नोजल, पायपिंग बॅग सगळं वेगळं घे, आणि दिवसही वेगळे ठेव.

लेबलाचं थोडक्यात. कपकेक, ब्राउनी, टी-टाइम केक तू आधीच बांधून ठेवून विकशील, त्यावर नाव, घटक जास्तीकडून कमीकडे या क्रमानं, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ती तारीख, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि चिन्ह हवं. गहू, दूध, अंडं, सोया, शेंगदाणा, काजू-बदाम यांतलं जे असेल ते वेगळं ठळक लिहायचं. ऑर्डरच्या केकलाही हीच चिठ्ठी लाव. माझ्या करंजीच्या डब्यावर एवढी एक ओळ असती, तर ते पोर त्या रात्री दवाखान्यात गेलं नसतं. आणि व्हिप टॉपिंग वनस्पती तेलाचं असेल तर त्याला 'फ्रेश क्रीम' म्हणू नकोस.

रंगाबद्दल मी कडक आहे. गेल्या महिन्यात बातमी होती, कर्नाटकात केकचे २३५ नमुने तपासले, त्यातल्या १२ मध्ये आरोग्याला घातक ठरतील असे कृत्रिम रंग सापडले. रेड व्हेल्वेट आणि ब्लॅक फॉरेस्ट त्यात होते. रंग घेताना बाटलीवर खाद्य रंग लिहिलेलं आणि नोंदणी-परवान्याचा नंबर दोन्ही बघ. 'फक्त सजावटीसाठी' असं लिहिलेली सोनेरी-चंदेरी पावडर मिळते. ती विषारी नसेल, पण खाण्याची नाही. गर्द काळं, गर्द लाल क्रीम कुणी मागितलं तर नाही म्हणायला शिक.

वजनाचं आईला विचार, ती भाजीवाल्याकडे काटा बघितल्याशिवाय पैसे देत नाही. अर्धा किलो म्हणजे बोर्ड आणि डबा सोडून अर्धा किलो. तुझा ऑनलाइन घेतलेला काटा स्वयंपाकापुरता ठीक. विकायला वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेला काटा लागतो, आणि दर वर्षी शिक्का नवा करून घ्यावा लागतो.

विजेचं मी चौकशी करून ठेवलं. घराच्या एका भागात धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, वर्षाला ३,६०० च्या आत असेल, तर महावितरणचा घरगुती दरच लागतो. तुझा ओटीजी २,००० वॅटचा आहे, म्हणजे तास चालला की जास्तीत जास्त दोन युनिट. उन्हाळ्यात कूलर आणि फ्रिज मिळून ३०० सहज ओलांडतील, तेव्हा मीटरकडे लक्ष ठेव. गॅसवर काही करणार असशील तर घरचं लाल सिलिंडर धंद्याला चालत नाही, हेही सांगून ठेवते. शॉप ॲक्टचं दहापेक्षा कमी माणसं असतील तर फक्त ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची असते. बँकेत चालू खातं उघडायला ती कामी येते. छोट्या उद्योगांची 'उद्यम' नोंदणी फुकट आहे. जीएसटीचा विचार आत्ता करूच नकोस, वस्तू विकणाऱ्याला आपल्या राज्यात ४० लाखांपर्यंत ती नोंदणी लागत नाही.

पाहणीला कुणी आलं तर घाबरायचं नाही. ते काय बघतात, ते तू रोज बघायला हवंस: पिण्याजोगं पाणी, झाकणाचा कचराडबा, कापलेली नखं, बांधलेले केस, बोटात अंगठी नाही, आजारी माणूस ओट्याशी नाही. बोअरचं पाणी वापरतेस ना? तपासून घे आणि कागद फाइलला लाव. आणि मनी मांजर. तिच्यावर माझाही जीव आहे, पण केकच्या दिवशी ती स्वयंपाकघरात दिसता कामा नये.

एक दोनशे पानी वही घे. रोज तारीख, कोणता केक, कोणाला, मैदा-क्रीम-रंग कोणत्या पाकिटातले, पाकिटावरचा बॅच नंबर, एवढं लिही. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.

आपल्या वर्ध्यात घरगुती उद्योग नवा नाही. १९३४ मध्ये मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, त्या संघाच्या कुमारप्पांनी तिथे बसून घरात आणि गावात होणाऱ्या उद्योगांचाच विचार केला. गाईच्या तुपाचा गोरसपाक आजही बाहेरगावचा माणूस वर्ध्याहून नेतोच. लोक तो नेतात कारण त्यात काय आहे ते त्यांना माहीत असतं. तुझ्या हाताला तशी चव आहे, हे मी प्रेमापोटी म्हणत नाही. दादाच्या साठीला केलेला तुझा संत्र्याचा केक मी अजून विसरले नाही.

मतदान आटोपलं की रविवारी सकाळच्या गाडीनं येते. आधार, एक फोटो, लाइट बिल काढून ठेव. फॉर्म दोघी मिळून भरू. तोवर वही आणलेली असू दे. आणि दादाला सांग, गोरसपाक आणून ठेव.

तुझी,
आत्या