गुहेत पथारी टाकण्याआधी

हरिश्चंद्रगड, रतनगड, गोरखगड अशा गडांवर मुक्काम म्हटला की गुहा आलीच. तंबू वाहायला नको, पावसाची धास्ती नको. पण गुहेत शिरल्या शिरल्या सॅक टेकवायची आणि पाल्याच्या फांदीने खसाखसा जमीन झाडायची, ही आपली सवय मोडायला हवी. खरा धोका त्या उडणाऱ्या धुळीत असतो.

वटवाघळांची किंवा पक्ष्यांची विष्ठा मुरलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी चांगली पोसते. माती हलली की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासावाटे थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. त्यातून होणारा आजार म्हणजे हिस्टोप्लाझ्मोसिस. भारतात त्याच्या नोंदी गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः पश्चिम बंगालमध्ये जास्त आहेत. महाराष्ट्रातही रुग्ण सापडले आहेत. प्रत्येक गुहेत ही बुरशी असतेच असं नाही. मात्र ती कुठे आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून वटवाघळांच्या खुणा ओळखायला शिकायचं.

टॉर्च आधी छतावर मारा, मग जमिनीवर. छताला काळपट डाग आणि बरोबर त्यांच्याखाली काळ्या लेंड्यांचा थर दिसला, तर एखादी लेंडी लांब काडीने दाबून पाहा. वाळलेली लेंडी उंदराची असेल तर कडक लागते. किडे खाणाऱ्या वटवाघळाची असेल तर तिचा लगेच भुगा होतो आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे बारीक तुकडे चमकतात. असा थर असेल तिथे झोपायचं नाही, चूलही मांडायची नाही. तोंड रुंद असलेली, वारा खेळता असलेली गुहा बरी. आतली अंधारी, कोंदट दालनं टाळाच. वटवाघळांना हुसकावण्यासाठी धूर मात्र करू नका. घर त्यांचं आहे, आणि रात्रभर किडे फस्त करून ती आपल्यावर उपकारच करतात.

गडसंवर्धनाला जाणाऱ्या मंडळींनी तर जास्तच जपायला हवं. एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा दिवसभर घमेली भरणाऱ्याच्या छातीत कितीतरी जास्त धूळ जाते. अंबारखाना, भुयार, कोरडं पडलेलं टाकं साफ करायचं असेल, तर माती आधी भिजवा. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, त्यानेही धूळ उडते. हलक्या हाताने शिंपडा आणि मुरू द्या. मग झाडू बाजूला ठेवून ओली माती फावड्याने उचला. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, नीट घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. काम झालं की कपडे तिथेच बदला, पिशवीत बांधून घरी न्या आणि न झटकता धुवायला टाका. जिथे पारव्यांची विष्ठा साचली आहे, तिथेही हीच काळजी घ्या. त्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही दुसरी घातक बुरशी वाढू शकते.

अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्हीबाधित, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, यांनी अशा जागी आत जाऊच नये. ग्रुपलीडरने हे निघण्यापूर्वीच, एकेकट्याला बाजूला घेऊन विचारावं.

बुरशी छातीत गेलेल्या बहुतेक धडधाकट माणसांना काहीच जाणवत नाही, किंवा थोडाफार त्रास होऊन आपोआप बरं वाटतं. आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. लक्षणं दिसलीच तर साधारण 3 ते 17 दिवसांत दिसतात: ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं, अंग मोडून येणं, कमालीचा थकवा. तोवर ट्रेक विसरलेला असतो. एक्स-रे पाहून क्षयाची शंका येते, आणि क्षयाच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही. तिला बुरशीविरोधी औषधच लागतं. म्हणून ट्रेकनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप-खोकला आला आणि हटेना, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा, की मी वटवाघळांच्या गुहेत गेलो होतो.