अमेरिकेतला हिवाळी ट्रेक: ढगांच्या वेळा ओळखा

सह्याद्रीत हिवाळा म्हणजे ट्रेकचा खरा मोसम. रात्री पायथ्याचं गाव गाठायचं, पहाटे चढायला लागायचं, सूर्योदय माथ्यावर. पाऊस मनातही येत नाही. सिएटल, डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटीत राहणारी आपली मंडळी डिसेंबरातही त्याच भरवशावर डोंगराकडे निघतात. उन्हाळ्यात कोलोरॅडो फिरलेल्यांना ‘दुपारी बाराच्या आत माथा सोडा’ हा तिथला नियमही पाठ असतो. पण तो नियम उन्हाळी गडगडाटी ढगांचा आहे. हिवाळ्यात निघण्याआधी वेगळंच ठरवावं लागतं: आजचा दिवस मोठ्या वादळाचा आहे, की दोन वादळांमधला?

पॅसिफिकवरून येणारं वादळ सकाळ-दुपार पाहत नाही. सिएटलजवळच्या माउंट रेनियरच्या अंगावर, सुमारे ५,४०० फुटांवर असलेल्या पॅराडाइजला १९७१-७२ च्या मोसमात १,१२२ इंच बर्फ पडला. असा बर्फ दिवसरात्र पडतो. त्या दिवशी लवकर निघून काही साधत नाही. वादळ डोंगर ओलांडून कधी जाणार आणि कोणत्या उंचीच्या वर पावसाचा बर्फ होणार, एवढंच अंदाजात पाहा. त्याच डोंगरावर खाली लाँगमायरला पाऊस आणि वर पॅराडाइजला बर्फ, असं नेहमीच घडतं.

वादळ सरून आकाश मोकळं झालं की दिवसाची लय सुरू होते. लांबलचक रात्रीत डोंगरउतारावरची हवा गार होऊन जड होते आणि दरीत उतरून साचते. सकाळी शहर राखाडी धुक्याखाली असतं आणि वर लख्ख ऊन. खिडकीतून बाहेर पाहून अनेक जण बेत रद्द करतात, याची मला फार हळहळ वाटते. कारण हिवाळ्यातला सर्वांत सुंदर दिवस हाच. कोकणकड्यावरून खाली पसरलेला ढगांचा समुद्र ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून खिडकी सोडा, पॅराडाइजचे वेबकॅम उघडा. धुकं दुपारी विरेल या आशेवर खालीच थांबू नका. डिसेंबर-जानेवारीचं ऊन दुबळं असतं आणि सॉल्ट लेक सिटीवरचा असा थर कधी कधी कित्येक दिवस हलत नाही.

तिसरी गत फसवी. वादळ गेलंय, पण मागे ओलसर गार हवा रेंगाळलीय. रात्री ढगाचा माथा उष्णता आकाशात सोडून आणखी गार होतो, त्यामुळे ढग टिकतो आणि भुरभुर चालू राहते. यूटात त्यात ग्रेट सॉल्ट लेकची भर पडते. खारं पाणी सहसा गोठत नाही. त्याच्या उबेवरून गेलेली थंड हवा वासाच डोंगरांवर बर्फ टाकते, बहुतेकदा रात्री आणि सकाळी. दुपारी तो जोर ओसरतो. अशा दिवशी पहाटेचा हट्ट सोडा. वासाचमधल्या लिटल कॉटनवुड कॅन्यनचा रस्ता तर हिमस्खलनाच्या बंदोबस्तासाठी सकाळी अनेकदा बंदच असतो.

मार्च-एप्रिलला गणित उलटतं. ऊन तापतं, दुपारी ढग फुगतात, मऊ गारांचा मारा होतो, कधी वीजही. उन्हाकडच्या उतारावरचा ओला बर्फ दुपारनंतरच सुटतो. तेव्हा मात्र पहाटे निघणंच शहाणपणाचं.

घरबसल्या तीन गोष्टी पाहा. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नकाशावर शहराऐवजी थेट डोंगरावर क्लिक करून तासागणिक अंदाज काढा. स्नोटेल केंद्रांचे आकडे पाहा. ही स्वयंचलित केंद्रं बर्फातल्या पाण्याचं वजन तासातासाला नोंदवतात, त्यामुळे रात्री किती पडलं ते कळतं. आणि त्या भागाच्या हिमस्खलन केंद्राचा त्या दिवसाचा इशारा वाचा. एक ते पाच या मापावर तीन किंवा वर असेल, तर तीव्र उतार आणि त्यांच्या पायथ्याची वाट टाळा.

रेनियरला १ नोव्हेंबर ते १ मे गाडीत बर्फाच्या साखळ्या ठेवणं सक्तीचं आहे, फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी. लाँगमायरच्या वरचा रस्ता रात्री बंद होतो. उघडण्याचे वार आणि वेळ आदल्या दिवशी पाहून घ्या. डिसेंबरअखेर तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे दुपारी एकला जिथे असाल, तिथूनच परत फिरा.