शून्य रीडिंगचा अर्थ

होस्टेलच्या कूलरखाली टीडीएस मीटर धरून "तीनशे! पाणी फर्स्ट क्लास!" असं जाहीर करणारा एक तरी विद्वान प्रत्येक विंगमध्ये असतोच. आमच्या विंगमध्ये तो मीच होतो. पण भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, म्हणजे १० पीपीबी. तीनशे पीपीएम दाखवणाऱ्या मीटरला एवढंसं शिसं दिसणार कुठून?

म्हणून फायनल इयरला शिसं मोजणारा सेन्सर करायला घेतला. कार्बन इलेक्ट्रोडवर ग्राफीन, नॅफिऑन आणि बिस्मथ यांचा पातळ नॅनोकंपोझिट थर. ग्राफीनमुळे पृष्ठभाग वाढतो, नॅफिऑन थराला धरून ठेवतो आणि बिस्मथमध्ये शिसं सहज मिसळतं. पूर्वी हे काम पारा करायचा. तो विषारी, म्हणून २००० साली बिस्मथचा पर्याय पुढे आला.

रीत सोपी आहे. पाण्यात बफर घालून इलेक्ट्रोडला उणे १.२ व्होल्ट द्यायचे आणि दोन मिनिटं ढवळायचं. शिशाचे आयन धातू होऊन थरात साठतात. मग व्होल्टेज हळूहळू धन दिशेला न्यायचं. साधारण उणे ०.५ व्होल्टजवळ शिसं पुन्हा विरघळतं आणि आलेखात करंटचं शिखर उमटतं. शिसं जास्त, तर शिखर उंच.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये आलेख झकास आले. होस्टेलच्या पाण्यात मात्र शिखरच नाही! मी रिपोर्टमध्ये "शिसं शून्य" लिहून मोकळा. सर म्हणाले, "त्याच पाण्यात २० पीपीबी शिसं घाल बघू." घातलं, तर शिखर डिस्टिल्डमधल्याच्या जेमतेम पाव उंचीचं! पाण्यातले सेंद्रिय पदार्थ शिशाला धरून ठेवतात, शिवाय इलेक्ट्रोडवरही चिकटतात. सेन्सरच आंधळा झाला होता.

मग नमुना आधी नायट्रिक आम्लात उकळला, नवा थर दिला आणि त्याच नमुन्यात मोजून शिसं घातलं. आधीचं शिखर २ मायक्रोअँपिअर, १० पीपीबी घातल्यावर ७. म्हणजे १० पीपीबीला ५, तर २ ला किती? उत्तर ४ पीपीबी. मर्यादेच्या आत, पण शून्य नव्हे.

ज्युनिअर मंडळींनो, "सापडलं नाही" आणि "नाही" यांत फरक असतो. आपण तेच पाणी पितो, तेव्हा रिपोर्टवर शून्य लिहिण्याआधी सेन्सरला दिसतंय ना, एवढं जरूर तपासा.